बदकीण काठावरून ओरडते तेव्हा

खरं सांगते, मूर्खपणा माझाच. चर्चच्या संडे स्कूलमधल्या बायबल-वचनांच्या पाठांतर स्पर्धेसाठी मी माझ्या लेकीला, शलोमीला, "पहिली ये, पहिली ये" म्हणून इतकं पिडलं, की ती जायलाच तयार होईना. मग घाबरून मी तिला एक गोष्ट रचून सांगितली.

फार पूर्वी एका तळ्यात बदकांच्या पिल्लांची शर्यत लागली. पोहत पलीकडच्या काठाला पोचायचं होतं. एक बदकीण मागून सारखी ओरडत होती, "पुढे जा रे, तो बघ गेला!" पण आईचा आवाज ऐकला की तिचं पिल्लू आपलं वळून आईकडेच यायचं. असं तीनदा झालं. पिल्लू रडकुंडीला आलं.

शेवटी म्हातारं कासव म्हणालं, "बाई, पाय देवाने दिलेत त्याला. तू जरा शेवाळ खा."

बदकिणीने चोच पाण्यात खुपसली. आवाज थांबला तसं पिल्लू सरळ पोहत सुटलं. सगळ्यांच्या मागून पोचलं आणि धापा टाकतच जिंकलेल्या पिल्लाला म्हणालं, "तू पाय कसे मारतोस, दाखव ना!" बदकिणीचा जीव भांड्यात पडला.

"मग उद्या जाशील ना?" मी विचारलं.

शलोमी म्हणाली, "जाईन. तू बाहेर चपला सांभाळ."