मुकादमांचा दहावा माणूस

चूक सिनेगॉगचे प्रमुख, मुकादम शालोमजी यांचीच. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, पण उलट बोलणारा हनोख त्यांना नको होता. म्हणून त्यांनी मातीचा माणूस घडवला, तोंडात देवाच्या नावाची चिठ्ठी घालून त्याला चालता केला आणि दहावा म्हणून उभा केला.

त्या दिवशी हनोखच्या बापाला जाऊन वर्ष होत होतं. सूर्य बुडायच्या आत बापासाठी प्रार्थना म्हणायची होती, आणि हनोख सिनेगॉगच्या पायरीवर घाम पुसत उभा.

"दहा भरले. तू घरी जा," मुकादम म्हणाले.

"जातो, काका. पण हा माणूस असेल, तर शब्बाथला, कामबंदीच्या दिवशी, त्याच्याकडून पाणी कसं भरून घेतलंत?"

आतले आठही जण मुकादमांकडे बघू लागले.

"माणूस कसला, माती आहे ती," मुकादम पुटपुटले.

"मग दहावा मी," म्हणत हनोख आत शिरला.

लोकांनी त्या मातीच्या माणसाच्या तोंडातली चिठ्ठी काढली, तशी त्याची पुन्हा नुसती माती झाली. तेव्हापासून मुकादम आपलं पाणी स्वतः शेंदतात.