अकराव्या पानावरची व्याख्या

तालुक्याच्या कॉलेजात एम.कॉम.ला शिकवणाऱ्या खासनीस सरांच्या नोट्स बावीस वर्षांपूर्वीच्या होत्या. जीएसटी येऊन जुना झाला, हिशेब संगणकच लिहायला लागला, पण नोट्समध्ये अजून विक्रीकर चालू होता. दिवसा कर सल्लागाराकडे नोकरी करणारी रेश्मा आतार पोटासाठी जीएसटीची विवरणपत्रं भरायची आणि पास होण्यासाठी विक्रीकर पाठ करायची.

तोंडी परीक्षेला सरांशेजारी बाहेरगावच्या परीक्षक फडतरे मॅडम बसल्या होत्या. करावरच्या पहिल्याच प्रश्नाला रेश्माने चुकून आजचा नियम सांगितला.

"हे माझ्या नोट्समध्ये आहे?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग शून्य. माझ्याकडे नोट्समधलंच उत्तर चालतं."

आता पास-नापास सरांच्या दुसऱ्या प्रश्नावर आलं.

"पूर्ण घसारा झालेली मालमत्ता म्हणजे काय? उदाहरणासह सांग."

"जिची किंमत झिजत झिजत शून्यावर आली, पण बदलली नाही म्हणून जी अजून वापरात आहे, अशी मालमत्ता," रेश्मा शांतपणे म्हणाली. "उदाहरणार्थ, सर, तुमच्या नोट्स."

फडतरे मॅडमनी चष्मा काढून पुसला. सर लालबुंद झाले.

"हे असलं तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच, सर. पान अकरा. शब्दसुद्धा तुमचेच आहेत."

मॅडमनी सरांपुढच्या नोट्सच्या पिवळ्या पडलेल्या गठ्ठ्यातून अकरावं पान काढलं, सावकाश वाचलं आणि पूर्ण गुण मांडले.

"व्याख्या नोट्समधलीच आहे, सर," त्या म्हणाल्या. "उदाहरण तेवढं राहिलंय. पुढच्या वर्षी घालून घ्या."