गोजराबाईनं हिरडीला गप्प केलं

फार वर्षांपूर्वी, हिरडी नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खोऱ्यात बारा वाड्या होत्या आणि प्रत्येक वाडीत एखादं जाणतं माणूस होतं. कुणी हाड बसवायचं, कुणी विंचू उतरवायचं. नदीपलीकडच्या पेवदऱ्यात गोजराबाई सुईण राहायची. तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती, असं म्हणतात.

एका वर्षी हैबतराव देशमुखांच्या धाकट्या भावाला साप चावला. माणसं वैद्याला शोधत तीन वाड्या पळाली. वैद्य चौथ्या वाडीत होता. तो येईपर्यंत भाऊ गेला. मग देशमुखांनी नदीअलीकडे, कसब्यात, मोठं कौलारू घर बांधलं आणि हुकूम काढला, की सगळ्या जाणत्यांनी इथंच राहायचं. ज्याला दुखेल त्यानं इथं यायचं.

पेवदऱ्याची माणसं हात जोडून उभी राहिली. "धनी, नदीला पूर आला म्हंजी आमी काय करायचं?"

"पूर काय बारा महिने असतो?" देशमुख म्हणाले.

गोजराबाई म्हणाली, "घर चांगलं हाय, धनी. पर बाळंतीण चालत येत न्हाई. सुईणीनं चालत जायाचं असतं."

देशमुखांच्या डोळ्यांपुढून भावाचा चेहरा हलत नव्हता. त्यांनी ऐकलं नाही.

आणि घर चाललंही. दोन वर्षं खोऱ्यात साप चावून कुणी मेलं नाही, हेही लोक सांगतात.

तिसऱ्या वर्षी श्रावणात, भर सकाळी, पेवदऱ्याच्या पारूला कळा सुरू झाल्या. डोलीत घालून तिला खाली आणलं, तर हिरडी दोन्ही थड्या भरून चाललेली. डोली पलीकडे, गोजराबाई अलीकडे. ती कमरेइतक्या पाण्यात शिरली. देशमुखांच्या गड्यांनी तिला दोरानं धरून ठेवलं. देशमुखही काठावर येऊन उभे राहिले. पलीकडून पारूची जाऊ ठकू जिवाच्या आकांतानं ओरडत होती, पण पुराच्या आवाजात तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

तेव्हा गोजराबाई नदीला म्हणाली, "बये, जरा गप ऱ्हा."

आणि हिरडी गप्प झाली, असं म्हणतात. पाणी तसंच धावत होतं, झाडं वाहून नेत होतं, पण त्याला आवाज नव्हता.

"ठके, आधी डोकं दिसतंय का बूड?"

"बूड, मावशे!"

"वढू नगं! त्याचं त्ये येऊ दे. तू निस्तं खाली हात धर."

दुपार कलेपर्यंत ती सांगत राहिली आणि ठकू करत राहिली. पोर रडलं ते दोन्ही थड्यांवर ऐकू आलं. त्याबरोबर नदीचा आवाज परत आला. गोजराबाईचा मात्र नदीनं ठेवून घेतला, असं म्हणतात. ती पुन्हा कधी बोलली नाही.

देशमुखांनी तिला विचारलं, "आता मी काय करू?" तिनं पलीकडे बोट दाखवलं.

पूर ओसरल्यावर देशमुख स्वतः तिला पेवदऱ्यात पोचवून आले. घर त्यांनी मोडलं नाही. सापाचा वैद्य तिथंच राहिला, सुइणी आपापल्या वाड्यांत परतल्या. गोजराबाईनं पुढची वीस वर्षं मुक्यानंच बाळंतपणं केली.

आता हिरडीवर पूल आहे. तरी बारा वाड्यांचं काही ठरवायचं असलं, की बैठक नदीकाठी भरते. पेवदऱ्याची एक बाई पलीकडे जाऊन उभी राहते. ठरलेलं तिला मोठ्यानं सांगतात. "पटलं" असं तिकडून उत्तर आलं, तरच ते पक्कं. याला गोजराचा कौल म्हणतात.

गेल्या साली वाड्यांमधले लहान दवाखाने बंद करून कसब्यात एकच मोठा करायचं निघालं. साहेब लोकांनी काठावरून सगळं नीट ओरडून सांगितलं आणि दोन तास वाट पाहिली. पलीकडची बाई नुसती उभी होती.