बटाटा वर आला

भांडीकुंडी आणि फळं अजून एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. चिनीमातीच्या एका बरणीत पाणी होतं आणि शेजारी सुपात कोवळ्या कैऱ्या बसल्या होत्या. त्यांना आत उतरायची भीती वाटत होती, कारण गेल्या साली अळणी खारात त्यांच्या थोरल्या बहिणी चार दिवसांत सडल्या होत्या. पाण्याला अजून त्याची लाज वाटत होती.

खार पुरेसा झाला की नाही, हे पाहायला त्यात बटाटा टाकायची रीत होती. तो वर तरंगला, तरच कैऱ्या आत घालायच्या. हा बटाटा मात्र तळाशी आडवा पडून हसत होता.

खडेमिठाची एक मूठ आली आणि विरघळली. मग दुसरी विरघळली, तिसरीही.

“कुठं गेले हो तुमचे मीठभाऊ?” बटाटा पाण्याला म्हणाला. “आले तसे संपले! मला उचलायची तुमची काय बिशाद?”

शेवटची मूठ काठावर थबकली. “पाणीदादा, अजून जागा आहे?”

“आहे रे बाळा, ये. तुझी भावंडं संपली नाहीत, माझ्या थेंबाथेंबात आहेत.”

ती मूठही विरघळली. बटाटा हलला, डुलला, आणि त्याची पाठ पाण्याबाहेर आली.

“अरे, मला कोण उचलतंय?”

“ज्यांना तू संपले म्हणालास, तेच,” पाणी म्हणालं.

“चला गं!” धाकटी कैरी ओरडली आणि साऱ्याजणींनी धबाधब उड्या घेतल्या. आंब्याला पुन्हा मोहोर आला, तोवर त्यांतली एकही सडली नव्हती.