उपरण्याखालचा शब्द

पूर्वी अश्मक देशात एक राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका खेड्यात बैलांचा व्यापारी होऊन जन्मला होता. त्याचे नाव गोमिल. उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून तो भाव ठरवी. मूठ आवळली की सौदा पक्का. दुसऱ्यांचे सौदेही त्याच्याच हातून जुळत. त्याचा शब्द कधी मोडत नाही, हे ऐकून राजाने त्याला एका प्रांताचा अधिपती केले. गोमिलने सगळे बैल विकले आणि राजाने नेमून दिलेल्या उसाच्या मळ्यावर संसार मांडला.

पण सभेत त्याची मती गुंग झाली. लंगडा बैल चालला की कळतो; इथले बोलणे दहादा ऐकूनही बिचाऱ्याला उमजेना.

त्यातच दुष्काळ पडला. कालव्याच्या पाण्याच्या आठ पाळ्यांवरून दोन गावे काठ्या घेऊन सभेत आली. दोन्ही ग्रामप्रमुख गरजत होते, "आठही आमच्या!" मागे आपापली माणसे उभी, माघार घ्यायची कुणी? गोमिल गोंधळला, आणि त्या गोंधळात त्याचा हात सवयीने उपरण्याखाली गेला.

"या, जवळ या," तो म्हणाला.

एकाने चार बोटे दाबली. दुसऱ्यानेही चारच. गोमिलने दोघांशी मूठ आवळली. काठ्या खाली आल्या.

माणसे पांगल्यावर लेखनिक कुजबुजला, "महाराज, आठातली एक पाळी आपल्या मळ्याची असते."

जुळवणाऱ्याचाही वाटा असतो, हे गोमिलच्या ध्यानातच आले नव्हते.

"एकाची तीनच बोटे होती म्हणा," लेखनिक म्हणाला. "उपरण्याखालचे कुणी पाहिले?"

"कुणी पाहिले नाही, म्हणूनच तर मोडता येत नाही."

"मग आपण खायचे काय?" घरी पत्नीने विचारले.

"ते मलाही कळत नाही गं," गोमिल म्हणाला.

गावांची पिके तगली. गोमिलचा ऊस उभा वाळला. त्याला फार वाईट वाटले. आपण शहाणपणा केला की वेंधळेपणा, हेही त्याला मरेपर्यंत समजले नाही.

एवढी कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ता थांबले. कुटीच्या जागेवरून भांडत आलेले दोन भिक्षू आणि त्यांच्यासोबतचा एक उपासक समोर बसले होते. शास्ता म्हणाले, "ते ग्रामप्रमुख तुम्हीच होता. लेखनिक म्हणजे तुमच्यातल्या एकाचा कैवार घेऊन आलेला हा उपासक. ती पत्नी आज राहुलची माता आहे. आणि तो गोंधळलेला गोमिल मी. त्याला काही म्हणता काही कळले नव्हते, पण आवळलेली मूठ त्याने सोडली नाही. हीच सत्यपारमिता, दिलेला शब्द पाळण्याची पराकाष्ठा."