डावा कान

"मग ती बरी आहे की आजारी, तेवढं सांगा."

उदेसिंग राऊळने हे तिसऱ्यांदा विचारलं. हेमगीर बुवा मठाच्या अंगणात बसून गाढवाच्या कानात बघत होते. कानाच्या मुळाशी चिकटलेला एक गोचीड त्यांनी चिमटीत धरला, हलकेच ओढला आणि शेजारच्या रॉकेलच्या डब्यात टाकला.

"बुवा..."

बुवांनी दुसरा गोचीड शोधायला घेतला.

आता हा उदेसिंग कोण, ते सांगायला हवं. तापीकाठच्या पाच-पंचवीस गावांत घोड्यांची गोष्ट निघाली की याचं नाव निघायचंच. माणूस तसा वाईट नव्हता, पण आपल्या घोडीचं कौतुक सांगायला बसला की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा. अकरा वर्षं बुवांचा शिष्य, तरी मठात येताना फेट्याचा तुरा आधी आत यायचा आणि मग हा.

आज तुरा नव्हता. फेटासुद्धा कसाबसा गुंडाळलेला.

घोडीचं नाव शेवंती. आषाढात तिला ताप भरला. तिने दाणा सोडला, हिरड्या पिवळ्या पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, गोचिडातून आलेलं दुखणं आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरून बसलेत. सुया दिल्या. पंधरा दिवसांत घोडी सावरली, महिन्याभरात चौखूर उधळायला लागली.

इथे गप्प बसायचं की नाही? पण उदेसिंगला कुठला दम. त्याने रक्त पुन्हा तपासून घेतलं. जीव होतेच. थोडे, पण होते.

डॉक्टरीणबाईंनी परोपरीने समजावलं. ते आता बहुधा जन्मभर राहतील, घोडीच्या अंगाने त्यांच्याशी जमवून घेतलंय. ती खाईल, पळेल, तुम्ही काळजी सोडा. जबर औषध देऊन ते काढायचा प्रयत्न करता येतो, पण त्यात पोटशूळ उठून जनावर दगावूही शकतं. आणि समजा निघाले, तरी पुन्हा गोचीड चावला की पुन्हा येणार, आणि तेव्हा अंगाला त्यांची सवय राहिलेली नसेल. माणसाला मात्र याची काही बाधा नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

म्हणजे ते जीव असले तर धोका कमी, आणि काढले तर जास्त? उदेसिंगचं डोकं भणभणलं. तरी त्याने हट्टाने औषधाची बाटली मागवलीच. सुई टोचण्यात त्याचा हात बसलेला होता. उद्या सकाळी पहिली सुई. मेली तर मेली, पण नितळ होऊन मरेल, असं तो स्वतःशी म्हणाला, पण म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते पटेना.

म्हणून तो बाटली पिशवीत घालून बुवांकडे आला होता. आला तोही कसा, तर चालत, घोडीला दहा हात लांब दोरीने मागून आणत. दुसरा रिपोर्ट हातात पडल्यापासून, दोन महिने झाले, त्याने तिच्या अंगाला हात लावला नव्हता. चारा घालायचा तोही लांबून. ती मान पुढे करायची आणि हा मागे सरायचा.

आत्ता ती कडुनिंबाखाली उभी होती, गाढवापासून चांगली लांब. उदेसिंगनेच मुद्दाम तिथे बांधली होती. मठाच्या गाढवाला तिचा रोग लागू नये, एवढी त्याची सद्भावना.

"जवळ बांध," बुवा म्हणाले. "तिला कंटाळा आलाय."

"नको. कारभाऱ्याला लागण होईल."

कारभारी हे गाढवाचं नाव.

"त्याच्या रक्तात आहेतच ते," बुवा म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी मठातल्या सगळ्या जनावरांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा सापडले. त्याच्याही आधीपासून असतील... कुणाला ठाऊक."

उदेसिंग बघतच राहिला. कारभारी ढिम्म उभा होता, पोट तुडुंब, अंगावर तकाकी. अकरा वर्षांत या गाढवाला साधं शिंकताना कुणी पाहिलं नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, निदान त्याला तरी तसं वाटलं. या मठाचा एक नेम होता. दर्शनाला येणाऱ्याने नारळ-फुलं आणायची नाहीत, मठाच्या जनावरांना खरारा करायचा. दातेरी ब्रशाने अंगावरची धूळ आणि गळके केस काढून द्यायचे, हीच सेवा. ब्रश ज्याचा त्याने घरून आणायचा. उदेसिंगचा पितळी मुठीचा होता आणि चैत्रात त्याने त्याच ब्रशाने कारभाऱ्याला तासभर खरारा केला होता.

"म्हणजे यानेच दिला," तो म्हणाला. "या गाढवाने माझ्या शेवंतीला दिला."

त्याने कोपऱ्यातली काठी उचलली. बुवा अडवायला उठले नाहीत. त्यांनी गाढवाची दोरी उदेसिंगच्या बाजूला सोडली आणि विचारलं, "त्या दिवशी घरी जाऊन खरारा कुणाला केलास?"

उदेसिंगचा हात वरच राहिला.

"शेवंतीला."

"त्याच ब्रशाने?"

"...त्याच."

"आणि कारभारी तुझ्या घरी कधी आला होता?"

काठी खाली आली. उदेसिंग मटकन ओट्यावर बसला. सेवा केली ती यानेच, आणि त्या सेवेत ब्रशाच्या दात्यांत अडकून एखादा गोचीड घरी गेला असेल तर तोही यानेच नेला. का आधी शेवंतीचाच इकडे आला होता? का दोघांचा काही संबंधच नाही आणि तो चरायच्या गवतातून आला? त्याने सगळं उलटं लावून पाहिलं, सुलटं लावून पाहिलं. काही केल्या जुळेना.

"बुवा, म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"मला काय ठाऊक?"

बुवांनी आणखी एक गोचीड डब्यात टाकला.

मग बुवांनी हात पुढे केला. "बाटली आणलीयस ना? आधी याला दे."

"कुणाला?"

"कारभाऱ्याला. त्याच्यात जास्त मुरलेत ते."

"अहो, पण त्याला काय झालंय? धडधाकट आहे तो. औषध सोसलं नाही तर उगाच जिवानिशी जायचा..."

एवढं बोलून उदेसिंग थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

बुवा गाढवाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

कडुनिंबाखाली शेवंती खुरांनी माती उकरत होती. उदेसिंगने बाटली हातात घेऊन उन्हात धरली, तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीत परत ठेवली. आजच्यापुरती ठेवली की कायमची, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"डॉक्टरीणबाई म्हणतात आजारी नाही. कागद म्हणतो आहे. तुम्ही म्हणता..."

"मी काय म्हटलं?"

खरंच, बुवांनी काहीच म्हटलं नव्हतं. उदेसिंग आता रडायच्या बेतात होता.

"मग मी करू तरी काय?"

बुवांनी रॉकेलचा डबा पायाने हळूच कडुनिंबाच्या दिशेला सरकवला.

उदेसिंग उठला. डबा घेऊन घोडीजवळ गेला आणि हातभर अंतरावर अडखळला. तिने मान पुढे केली. या खेपेला तो मागे सरला नाही. त्याने तिचा उजवा कान हातात घेतला, उलटा केला आणि बुवा करत होते तसं आत पाहिलं. दोन गोचीड निघाले. दुसऱ्याला वेळ लागला, पण शेवंती हलली नाही. तिने कपाळ त्याच्या छातीला टेकवलं आणि तशीच राहिली. दोन महिन्यांचं सगळं एकदम दाटून आलं आणि तापीकाठचा तो एवढा मोठा राऊळ तिच्या आयाळीत तोंड खुपसून रडला.

पुष्कळ वेळाने तो डबा घेऊन परत आला. डोळे बाहीने पुसले. बुवांच्या समोर बसला.

"आता तरी सांगा, बुवा. ती बरी आहे की आजारी?"

बुवांनी डब्यात वाकून पाहिलं.

"डावा कान राहिला."