वर गेलेली फाईल

सापाचं इंजेक्शन संपलं, तेव्हा पिंपळदरीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात वर केले. "नवा कारभार आलाय. खरेदीची फाईल वर गेलीय." इकडे कापसात साप निघत होते. दवाखान्याच्या समितीवर बसणाऱ्या भागूबाई खराताची जाऊ साप चावून, जिल्ह्याला नेताना वाटेतच गेली होती.

अशात मंत्री नवा कारभार समजावून सांगायला दवाखान्यात आले. "आता सगळे निर्णय वरून होतील. शिस्त लागेल," असं म्हणून त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला आणि जोराचा ठसका लागला. "पाणी!"

तांब्या भागूबाईच्या हातात होता. तिनं तो हातातच ठेवला.

"फाईल वर पाठवते, साहेब. निर्णय आला की देते."

"अहो बाई, जीव जाईल माझा!"

"आम्हीपण हेच लिहिलं होतं."

मंत्र्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा कुठं तांब्या पुढं झाला. पाणी पोटात गेलं आणि डॉक्टरांना इंजेक्शन खरेदीची मुभा तिथंच, उभ्या उभ्या मिळाली.

निघताना मंत्री म्हणाले, "बाई, आज मला वरच पाठवत होता की तुम्ही!"

"गेला असता, तर आमची फाईल कुठं अडकलीय तेवढं बघितलं असतं."